गाडीतला पडदा आणि चालकाची नजर

मोटारगाडी चालवणाऱ्याच्या समोर पूर्वी मोजक्याच गोष्टी असत. वेग दाखवणारा काटा, इंधन दाखवणारा काटा, दिव्यांची व वायपरची बटणे, आणि हौशी मालक असेल तर रेडिओ. आता डॅशबोर्डच्या मध्यभागी वीतभर रुंदीचा काचेचा पडदा असतो. नकाशा, गाणी, दूरध्वनी, मागच्या कॅमेऱ्याने टिपलेले दृश्य, काही गाड्यांत तर वातानुकूलनाचे नियंत्रणही त्याच पडद्यावर असते. या यंत्रणेला 'इन्फोटेनमेंट' म्हणतात. माहिती आणि मनोरंजन या अर्थांचे दोन इंग्रजी शब्द जोडून हा शब्द बनला आहे. मराठीत त्याला सुटसुटीत पर्याय अद्याप रुळलेला नाही. बोलताना लोक नुसते 'स्क्रीन' म्हणतात आणि तेवढ्याने काम भागते.

हा पडदा चालकाच्या स्मार्टफोनशी जोडता येतो. जोडणी झाली की फोनमधील नकाशा, गाणी आणि संपर्क गाडीच्या पडद्यावर दिसू लागतात. ही सोय बहुतेकांना चैनीची वस्तू वाटते. वस्तुतः तिचा खरा संबंध एका फार जुन्या प्रश्नाशी आहे: गाडी चालवणाऱ्याची नजर आणि त्याचे अवधान कोठे असावे?

हा प्रश्न स्मार्टफोनने निर्माण केलेला नाही. अमेरिकेतील शिकागो येथील गॅल्विन बंधूंच्या कंपनीने १९३० मध्ये मोटारीत बसवता येणारा रेडिओ बाजारात आणला. त्याला त्यांनी 'मोटोरोला' हे नाव दिले आणि पुढे तेच कंपनीचेही नाव झाले. त्या दशकात अमेरिकेत काही ठिकाणी अशा रेडिओवर बंदी घालावी, अशी मागणी झाली होती. गाण्यामुळे चालकाचे लक्ष रस्त्यावरून उडेल, अशी भीती त्यामागे होती. रेडिओ मात्र टिकला. त्याचे कारण असे की, रेडिओ ऐकायचा असतो, पाहायचा नसतो. शिवाय त्याची कळ न बघताही फिरवता येते. पडद्याचे तसे नाही.

पडदा गाडीत आला तो आधी गाडी बनवणाऱ्यांच्या हातून. बीएमडब्ल्यू या जर्मन कंपनीने २००१ मध्ये 'आयड्राइव्ह' नावाची यंत्रणा आणली. एकाच गोल कळीने शेकडो गोष्टी हाताळण्याची ती सोय वापरायला फार किचकट आहे, अशी टीका तेव्हा झाली. २००७ मध्ये फोर्डने मायक्रोसॉफ्टच्या साहाय्याने 'सिंक' यंत्रणा आणली. परंतु या सर्व प्रयत्नांत एक मूलभूत अडचण होती. मोटारगाडीची रचना पक्की व्हायला काही वर्षे लागतात आणि ती रस्त्यावर दहा-पंधरा वर्षे धावते. फोन मात्र दोन-तीन वर्षांत जुना होतो. त्यामुळे गाडीत कायमचा बसवलेला नकाशा गाडी नवी असतानाच शिळा होऊ लागे. नवा उड्डाणपूल झाला तरी पडद्यावर जुनाच चौक दिसे. मग चालकांनी स्वतःच तोडगा काढला. कोणी फोन समोरच्या काचेला चिकटवला, कोणी मांडीवर ठेवला, कोणी एका हातात धरला. यांतला शेवटचा प्रकार सर्वांत घातक होता.

यावर उपाय म्हणून फोनलाच गाडीचा पडदा वापरू द्यावा, ही कल्पना पुढे आली. गाड्यांच्या व फोनच्या उत्पादकांनी २०११ मध्ये एकत्र येऊन 'मिररलिंक' या पद्धतीचा पुरस्कार केला. ती फारशी रुजली नाही. ॲपलने २०१३ मध्ये जाहीर केलेली योजना २०१४ च्या मार्च महिन्यात जिनिव्हा येथील मोटार प्रदर्शनात 'कारप्ले' या नावाने सादर झाली. त्याच वर्षी गुगलने 'अँड्रॉइड ऑटो' जाहीर केले आणि २०१५ पासून ते गाड्यांत दिसू लागले. भारतातही साधारण त्याच सुमारास मध्यम किमतीच्या गाड्यांत या सोयी येऊ लागल्या.

या जोडणीचे स्वरूप समजण्यासाठी कळसूत्री बाहुल्यांचा खेळ आठवावा. प्रेक्षकांना बाहुली नाचताना दिसते. पण दोऱ्या पडद्यामागच्या सूत्रधाराच्या हातात असतात. येथे सूत्रधार फोन आहे. नकाशा आखणे, मार्ग शोधणे, गाणे मिळवणे, बोललेला शब्द ओळखणे ही सर्व कामे फोन करतो. तयार झालेले चित्र तो आकुंचित दृश्यप्रवाहाच्या रूपाने गाडीकडे पाठवतो. गाडीचा पडदा ते फक्त दाखवतो. चालकाने पडद्याला बोट लावले की, बोट नेमके कोठे लागले एवढेच गाडी फोनला कळवते. त्याचा अर्थ फोन लावतो. गाडीही अगदीच निष्क्रिय नसते. तिचे स्पीकर व मायक्रोफोन वापरले जातात, आणि अनेक गाड्या आपल्या अँटेनाने मिळवलेले उपग्रहीय स्थान व चाकांचा वेग फोनला पुरवतात. बोगद्यात उपग्रहाचा संकेत तुटला, तरी चाके किती फिरली यावरून नकाशावरचा बाण पुढे सरकू शकतो.

जोडणी तारेने होते किंवा तारेविना. तारेच्या जोडणीत निम्म्या तक्रारींचे मूळ तारेतच सापडावे, असा प्रकार असतो. साध्या यूएसबी तारेत चार धागे असतात: दोन वीज नेणारे, दोन माहिती नेणारे. बाजारात मिळणाऱ्या काही स्वस्त तारांत माहितीचे धागे नसतातच. अशा तारेने फोन चार्ज होतो, पण पडद्यावर काहीही उमटत नाही आणि दोष मात्र गाडीला दिला जातो. तारेविना होणाऱ्या जोडणीत दोन निरोपे काम करतात. प्रथम ब्ल्यूटूथद्वारे फोन व गाडी एकमेकांना ओळखतात. दहाव्या शतकातील डेन्मार्कच्या हॅराल्ड ब्ल्यूटूथ या राजाचे नाव मिळालेली ही लघुलहरींची पद्धत आवाजासाठी पुरेशी आहे. हलत्या चित्राचा भार मात्र तिला पेलत नाही. म्हणून ओळख पटताच चित्राचे काम वाय-फायकडे सोपवले जाते. फोनला हे सारे करताना बरीच वीज लागते. एप्रिल-मे महिन्यांच्या उन्हात काचेखाली ठेवलेला फोन तापून आपले काम मंद करतो, हे वैदर्भीय चालकांना सांगावे लागणार नाही.

नावांच्या सारखेपणामुळे येथे एक घोटाळा होतो. जुन्या गाडीत दुकानातून बसवून घेतात तो 'अँड्रॉइड स्टिरिओ' हा स्वतंत्र संगणकच असतो. त्याला फोनची गरज नसते. अँड्रॉइड ऑटो फोनशिवाय निरुपयोगी आहे. 'अँड्रॉइड ऑटोमोटिव्ह' ही तिसरीच गोष्ट आहे: ती गाडीतच कायमची बसवलेली असते. गुगलच्या सेवांसह ती प्रथम २०२० मध्ये पोलस्टार २ या विजेवरील गाडीतून रस्त्यावर आली.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. कारप्ले काय किंवा अँड्रॉइड ऑटो काय, त्यांची किंमत ते जे दाखवतात त्यापेक्षा जे दाखवत नाहीत त्यावरून करावी लागेल. फोनमध्ये असलेले सारे काही पडद्यावर येत नाही. निवडक गोष्टीच येतात. चिन्हे मोठी असतात, याद्या आखूड असतात. आलेला संदेश लिहिलेला दिसत नाही, तो वाचून दाखवला जातो. गाडी चालू असताना चित्रपट दिसत नाही, टंकफलक बहुधा बंद होतो. हा सारा वगळण्याचा व्यवहार आहे आणि त्यातच शहाणपण आहे. दुकानातून बसवलेल्या पडद्यातही चित्रपटावर अशीच बंदी असते. गाडी थांबली आहे हे कळावे, म्हणून त्याची एक तार हँडब्रेकला जोडायची असते. काही कारागीर गिऱ्हाइकाच्या आग्रहाखातर ती तार गाडीच्या लोखंडी सांगाड्याला जोडून देतात. यंत्राला वाटते, गाडी उभी आहे. प्रत्यक्षात ती महामार्गावर धावत असते आणि पडद्यावर सिनेमा चालू असतो. ही युक्ती म्हणजे स्वतःच्या हाताने धोक्याची घंटा काढून ठेवणे होय.

धोका किती, हे साध्या गणिताने कळते. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे १७ मीटर पुढे जाते. दोन सेकंद नजर पडद्यावर राहिली, तर ३३ मीटर अंतर चालकाने न पाहताच कापलेले असते. तेवढ्या अवधीत एखादे मूल चेंडूमागे रस्त्यावर धावून येऊ शकते. अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा विभागाने २०१३ मध्ये उत्पादकांना मार्गदर्शक सूचना दिल्या. एका वेळी दोन सेकंदांहून अधिक आणि एका कामासाठी एकूण १२ सेकंदांहून अधिक पाहावे लागेल, अशी रचना नसावी, असा त्यांचा आशय आहे. त्या सूचना ऐच्छिक होत्या. अमेरिकेतील वाहनचालक संघाच्या संशोधन संस्थेने युटा विद्यापीठाकडून २०१७ मध्ये चाचण्या करून घेतल्या, तेव्हा गाड्यांतील मूळ यंत्रणांवर इच्छित स्थळ नोंदवायला सरासरी ४० सेकंद लागत असल्याचे दिसले. २०१८ च्या चाचण्यांत कारप्ले व अँड्रॉइड ऑटो यांनी तेच काम सरासरी १५ सेकंद आधी आटोपले. म्हणजे फोनची जोडणी गाडीच्या मूळ यंत्रणेपेक्षा बरी ठरली. पण 'बरी' म्हणजे 'निर्धोक' नव्हे. ब्रिटनमध्ये २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, या यंत्रणा स्पर्शाने हाताळणाऱ्या चालकांना प्रतिसाद द्यायला निम्म्याहून अधिक जादा वेळ लागला. आवाजाने हाताळणाऱ्यांचा वेळही सुमारे एक तृतीयांशाने वाढला.

यातली दुसरी गोष्ट अनेकांना अनपेक्षित वाटेल. हात मोकळे आणि डोळे रस्त्यावर असताना विलंब का व्हावा? कारण मन मोकळे नसते. १९९७ मध्ये कॅनडातील रेडेलमायर व तिबशिरानी या संशोधकांनी दूरध्वनीच्या नोंदी आणि अपघातांच्या वेळा ताडून पाहिल्या. फोनवर बोलत असताना अपघाताचा धोका सुमारे चौपट होतो, आणि फोन हातात न धरता बोलल्याने तो कमी झालेला दिसत नाही, असे त्यांना आढळले. युटा विद्यापीठाच्या २०१५ च्या अभ्यासाप्रमाणे, यंत्राला तोंडी आज्ञा देऊन झाल्यावरही काही यंत्रणांच्या बाबतीत मनाचे गुंतलेपण २७ सेकंदांपर्यंत टिकते. सिग्नलला थांबल्यावर 'एवढा निरोप पाठवतो' म्हणणाऱ्याचे मन हिरवा दिवा लागल्यावरही काही काळ निरोपातच असते.

मराठी भाषकांना आणखी एक अडथळा आहे. यंत्रे स्थळांची नावे पुष्कळदा रोमन लिपीवरून वाचतात आणि त्या लिपीत 'ळ' साठी वेगळे अक्षर नाही. साहजिकच पन्हाळ्याचा 'पन्हाला' होतो. गुगलच्या सहायकाला २०१८ पासून मराठी समजू लागली, हे खरे. तरीही यंत्राला न कळलेले नाव पुन्हा पुन्हा उच्चारणारा चालक रस्त्यापासून मनाने तितकाच दूर जातो. म्हणून इच्छित स्थळ गाडी सुरू करण्यापूर्वीच नोंदवावे. शेजारी कोणी बसले असेल, तर वाटेतला बदल त्याच्याकडे सोपवावा.

बटणांचेही पुनरागमन होऊ लागले आहे. स्वीडनमधील 'वी बिलेगारे' या मोटारविषयक नियतकालिकाने २०२२ मध्ये एका धावपट्टीवर ताशी ११० किलोमीटर वेगाने चाचणी घेतली. रेडिओचे केंद्र बदलणे, आसन तापवणे अशी चार साधी कामे करायची होती. २००५ सालच्या, बटणे असलेल्या जुन्या व्होल्वोमध्ये ती १० सेकंदांत झाली. एका नव्या गाडीच्या पडद्यावर त्यांना ४४.६ सेकंद लागले आणि तोवर गाडी १,३७२ मीटर पुढे गेली होती. गाड्यांची सुरक्षितता तपासणाऱ्या 'युरो एनकॅप' या युरोपीय संस्थेने २०२६ पासूनच्या गुणांकनात दिशादर्शक दिवे, वायपर, भोंगा यांसारख्या गोष्टींसाठी स्वतंत्र कळ असण्याला महत्त्व दिले आहे. अंगठ्याला सापडणारी कळ डोळ्यांचे काम वाचवते, हे १९३० च्या रेडिओला ठाऊक होते!

भारतीय कायद्याची भूमिका स्पष्ट आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार, वाहन चालवताना संपर्काचे साधन हातात धरून वापरणे हे धोकादायक वाहन चालवण्यात मोडते. पहिल्या गुन्ह्याला १,००० ते ५,००० रुपये दंड किंवा सहा महिने ते एक वर्ष कारावास, अथवा दोन्ही, अशी तरतूद आहे. १ ऑक्टोबर २०२० पासून लागू झालेल्या नियमांनी केवळ मार्ग पाहण्यासाठी अशा साधनाला मुभा दिली. मात्र त्यामुळे चालकाची एकाग्रता भंगता कामा नये, अशी अट घातली.

शेवटी एक खासगी बाब. ब्ल्यूटूथने जोडताना 'संपर्क वापरू द्यावेत काय?' असे फोन विचारतो आणि बहुतेक जण न वाचता होकार देतात. त्यानंतर नावे, क्रमांक आणि अलीकडच्या संभाषणांची यादी गाडीच्या स्मृतीत उतरते. फोन उतरवून घेतला तरी ती तेथे राहू शकते. भाड्याच्या गाडीत आधीच्या चार-पाच प्रवाशांच्या फोनची नावे दिसतात, ती यामुळेच. गाडीच्या मूळ नकाशावर नोंदवलेला घराचा पत्ताही असाच मागे राहतो. म्हणून भाड्याची गाडी परत करताना जोडलेल्या फोनांच्या यादीतून आपला फोन काढून टाकावा. स्वतःची गाडी विकताना तेवढ्याने भागत नाही. सेटिंगमध्ये जाऊन यंत्रणा कारखान्यातून आली तशी मूळ स्थितीला न्यावी, गाडी कंपनीच्या ॲपला जोडलेली असल्यास तो दुवा तोडावा आणि मगच किल्ली नव्या मालकाच्या हाती द्यावी.