कुत्र्याचा आहार : पिशवीतला आणि डब्यातला

घरात कुत्र्याचे पिल्लू आले की पहिला प्रश्न उभा राहतो तो त्याच्या खाण्याचा. आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या हा प्रश्न शिळी पोळी, भात आणि थोडे दूध यांवर सुटत आला. आता शहरांतील दुकानांत कोरड्या दाण्यांच्या पिशव्या आणि मांसाचे हवाबंद डबे शेजारीशेजारी मांडलेले दिसतात. वेष्टन वाचावे, तर एखाद्या पिशवीवर प्रथिने शेकडा २४ लिहिलेली असतात, आणि डब्यावर अवघी ९. तेव्हा पिशवीतला आहारच अधिक पौष्टिक, असे कोणालाही वाटेल. परंतु हा निष्कर्ष घाईचा आहे.

वेष्टनावरील आकडे पाण्यासकट दिलेले असतात, हे यातील मर्म होय. कोरड्या दाण्यांत पाणी शेकडा १० च्या आसपास असते. डब्यातील आहारात ते शेकडा ७५ ते ८० पर्यंत असते. कच्ची तूरडाळ आणि शिजवलेले पातळ वरण यांची तुलना वाटीवाटीने करणे जसे योग्य नव्हे, तसेच हेही. पाणी वजा करून हिशेब मांडू. पिशवीतल्या १०० भागांतून पाण्याचे १० गेले. उरलेल्या ९० भागांत २४ भाग प्रथिने, म्हणजे शेकडा सुमारे २७. डब्यात पाणी ७८ भाग धरले, तर उरलेल्या २२ भागांत ९ भाग प्रथिने, म्हणजे शेकडा सुमारे ४१. पारडे एकदम फिरले!

याचे कारण बनविण्याच्या रीतीत आहे. दाणे फुगून त्यांना आकार यावा म्हणून पिठात पिष्टमय पदार्थ असावे लागतात. मग ते पीठ दाब आणि उष्णता देऊन यंत्रातून काढतात. डब्यातील मांस डबा बंद केल्यावर आतच शिजते. त्याला पिठाची गरज नसते.

तथापि, प्रथिने अधिक म्हणून डबाच श्रेष्ठ, असेही नव्हे. अमेरिकेत प्रचलित असलेल्या प्रमाणांनुसार, पाणी वजा जाता, प्रौढ कुत्र्याच्या आहारात किमान शेकडा १८ आणि वाढत्या पिल्लाच्या आहारात किमान २२.५ इतकी प्रथिने असावीत. वरील दोन्ही आहार ही अट पुरी करतात.

खरी चूक घडते ती मापात. कोरड्या दाण्यांच्या १०० ग्रॅममध्ये सुमारे ३५० उष्मांक असतात, डब्यातील आहारात सुमारे ९०. दहा किलो वजनाच्या प्रौढ कुत्र्याला दिवसाकाठी ६०० च्या आसपास उष्मांक लागतात. ते दाण्यांतून द्यावयाचे तर सुमारे १७० ग्रॅम पुरतात. डब्यातून द्यावयाचे तर सुमारे ६७० ग्रॅम लागतात. घरातील मुलांनी दाण्यांइतक्याच वजनाचे डब्यातले अन्न वाढले, तर कुत्र्याला गरजेचा जेमतेम चतुर्थांश मिळतो. वाढत्या पिल्लाचे यात मोठे नुकसान होते. उलट, डब्याच्या सवयीने दाण्यांचे ताट शिगोशीग भरले, तर कुत्रा लठ्ठ होतो. किंमतही किलोवर न पाहता उष्मांकांवर पाहावी. मग डबा पुष्कळच महाग असल्याचे ध्यानी येईल.

दोहोंचे गुण निरनिराळे आहेत. पाणी कमी पिणाऱ्या किंवा दात पडलेल्या वृद्ध कुत्र्यास डबा सोयीचा. दाणे साठवण्यास सोपे. मात्र पावसाळ्यात पिशवी घट्ट बंद न ठेवल्यास बुरशी येते आणि चरबी खवट होते. उघडलेला डबा शीतकपाटात ठेवून दोनतीन दिवसांत संपवावा. दाण्यांनी दात स्वच्छ होतात, ही समजूत मात्र फारशी खरी नाही. साधा दाणा दाताखाली येताच फुटतो. दातांसाठी ब्रशच हवा.

खरेदीच्या वेळी तीन गोष्टी पाहाव्यात : आहार ‘कम्प्लीट’, म्हणजे परिपूर्ण आहे की केवळ पूरक, तो पिल्लासाठी आहे की प्रौढासाठी, आणि १०० ग्रॅममध्ये उष्मांक किती. दोन्ही मिसळून देण्यास हरकत नाही. एक वाढविला की दुसरा त्या मानाने कमी करावा. आजारी कुत्र्याच्या बाबतीत पशुवैद्याचा सल्ला घ्यावा.

मुक्या जनावराला ‘पोट भरले नाही’ असे सांगता येत नाही. त्याच्यासाठी वेष्टन वाचण्याचे आणि मोजून वाढण्याचे काम घरच्यांनीच करावयाचे आहे.