कॅमेरा आपला, पण चावी कोणाच्या हातात?

फेब्रुवारी २०२५ मध्ये गुजरातमधील राजकोटच्या एका प्रसूती रुग्णालयाचे प्रकरण उघडकीस आले. तेथे महिला रुग्णांची तपासणी सुरू असतानाची सीसीटीव्ही दृश्ये चोरून टेलिग्रामवर पैसे घेऊन विकली जात होती. पोलिसांनी अटक केलेल्यांमध्ये आपल्या महाराष्ट्रातील लातूर आणि सांगलीचे तरुणही होते. जे कॅमेरे सुरक्षेसाठी लावले, त्यांनीच त्या महिलांचा सन्मान बाजारात नेला. त्या महिलांना तर कॅमेऱ्याचा पासवर्ड काय असतो हेही माहीत असण्याचे कारण नव्हते. ती जबाबदारी कॅमेरा लावणाऱ्याची होती.

आज समाजातील अनेक तरुण स्वतःचा व्यवसाय उभा करत आहेत. कोणी दवाखाना, कोणी कोचिंग क्लास, कोणी मुलींचे वसतिगृह, कोणी दुकान चालवतो. कार्यकर्ते अभ्यासिका आणि संस्थेचे कार्यालय सांभाळतात. या प्रत्येक ठिकाणी राऊटर, कॅमेरे, डीव्हीआर, हजेरीचे बायोमेट्रिक मशीन, वाय-फाय प्रिंटर, स्मार्ट टीव्ही असतो. आपण त्यांना 'वस्तू' समजतो. प्रत्यक्षात इंटरनेटला जोडलेले प्रत्येक उपकरण म्हणजे एक छोटा संगणक असतो. त्याला स्वतःचे सॉफ्टवेअर आणि स्वतःचा पासवर्ड असतो, म्हणजेच आत शिरायला एक दार असते.

हे दार किती सहज उघडते? २०१६ मध्ये 'मिराई' नावाच्या व्हायरसने जगभरातील लाखो कॅमेरे, डीव्हीआर आणि राऊटर ताब्यात घेतले. त्यासाठी कोणतीही अचाट विद्या लागली नाही. कंपनीने घालून दिलेल्या युजरनेम-पासवर्डच्या साठेक जोड्या तो एकामागून एक लावून पाहत असे. मालकांनी त्या बदललेल्याच नव्हत्या. याच उपकरणांच्या फौजेने २१ ऑक्टोबर २०१६ रोजी अमेरिकेतील 'डाइन' या कंपनीवर हल्ला केला आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या सेवा काही तास विस्कळीत झाल्या. आपला कॅमेरा दुसऱ्यावरच्या हल्ल्यात सामील आहे, याचा बहुतेक मालकांना पत्ताही नव्हता.

दुसरा धोका आतल्या आत पसरण्याचा. २०१३ मध्ये अमेरिकेतील 'टार्गेट' या दुकानांच्या साखळीतून सुमारे ४ कोटी ग्राहकांच्या कार्डांची माहिती चोरीला गेली. चोर शिरले ते एसी आणि रेफ्रिजरेशनचे काम करणाऱ्या ठेकेदाराचा लॉगिन वापरून. एका कोपऱ्यातून आत आलेला चोर गल्ल्यापर्यंत पोहोचला, कारण मध्ये पक्की भिंत नव्हती.

मग करायचे काय? यासाठी मोठा खर्च लागत नाही, शिस्त लागते.

१. यादी करा. इंटरनेटला जोडलेले प्रत्येक उपकरण, त्याचे मॉडेल आणि ते कोणी बसवले, हे वहीत लिहा. जे माहीतच नाही, त्याचे रक्षण करता येत नाही.

२. मूळ पासवर्ड त्याच दिवशी बदला. प्रत्येक उपकरणाला वेगळा आणि लांब पासवर्ड द्या. दुकानाचे नाव किंवा मोबाईल नंबर नको. ॲपमध्ये ओटीपीची सोय असेल तर ती सुरू करा.

३. नेटवर्क वेगळे ठेवा. बिलिंगचा संगणक एका वाय-फायवर, कॅमेरे आणि टीव्ही दुसऱ्यावर. ग्राहकांसाठी गेस्ट नेटवर्क द्या. ही सोय आज बऱ्याच राऊटरमध्ये असते.

४. अपडेट टाळू नका. राऊटर आणि डीव्हीआरचे सॉफ्टवेअर तीन महिन्यांतून एकदा तपासा. कंपनीने अपडेट देणे बंद केले असेल तर ते उपकरण इंटरनेटवरून काढा.

५. बाहेरचे दार बंद करा. घरबसल्या कॅमेरा पाहता यावा म्हणून बसवणारा अनेकदा राऊटरमध्ये 'पोर्ट फॉरवर्डिंग' चालू करून जातो. त्यामुळे डीव्हीआर साऱ्या जगासमोर उघडा पडतो. ते बंद करून घ्या.

६. माणसे बदलली की चाव्या बदला. कॅमेरे बसवणारा, नोकरी सोडून गेलेला कर्मचारी, जुना भागीदार यांचे लॉगिन लगेच काढा.

७. कॅमेरा कुठे नको, तेही ठरवा. तपासणीची खोली, कपडे बदलण्याची जागा, स्वच्छतागृह येथे कॅमेरा नसावाच. जे चित्रीकरण झालेच नाही, ते चोरीला जाऊ शकत नाही.

नवीन कॅमेरा घेताना स्वस्ताच्या मागे लागू नका. एप्रिल २०२५ पासून भारतात सीसीटीव्ही कॅमेऱ्यांसाठी सरकारने सुरक्षा चाचणीचे नियम लागू केले आहेत. दुकानदाराकडे त्याचे प्रमाणपत्र मागा.

घात झालाच तर आधी ते उपकरण इंटरनेटपासून तोडा, पण त्यातील नोंदी पुसू नका, कारण तोच पुरावा आहे. पासवर्ड बदला आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर किंवा सायबर पोलिसांकडे तक्रार करा. पैसे गेले असतील तर १९३० वर तात्काळ फोन करा. 'सर्ट-इन'च्या २०२२ च्या निर्देशांनुसार कंपन्यांनी अशा घटना ६ तासांत कळवणे बंधनकारक आहे. ज्यांची दृश्ये किंवा माहिती बाहेर गेली, त्यांनाही सांगा. बदनामीच्या भीतीने लपवाल, तर त्यांचे नुकसान वाढत जाईल.

आपल्याकडे शिकायला येणारी मुलगी, उपचारासाठी आलेली आई आपल्यावर विश्वास ठेवून दारातून आत येते. तो विश्वास जपणे हा व्यवसायाचाच भाग आहे. या रविवारी एक तास काढा आणि यादीपासून सुरुवात करा. आपले झाले की शेजारच्या अभ्यासिकेचे आणि वसतिगृहाचेही तपासून द्या.