उणे तीन

मराठी विकिपीडियावर 'अलीकडील बदल' नावाचे एक पान आहे. त्या ज्ञानकोशातील कोणत्याही लेखात कोणीही अक्षर घातले वा काढले, की त्याची नोंद तेथे तत्क्षणी उमटते: वेळ, लेखाचे नाव, लिहिणाऱ्याचे सदस्यनाम आणि कंसात एक आकडा, मजकूर वाढला असल्यास अधिक, घटला असल्यास उणे. एका संताच्या समाधिस्थळाविषयी काही शोधीत असता मी सहज त्या पानाकडे वळलो, आणि पहाटेच्या प्रहरी एकाच सदस्याने केलेल्या दुरुस्त्यांची लांबलचक यादी पाहून थबकलो. कारण जवळजवळ प्रत्येक ओळीपुढचा आकडा एकतर उणे तीन होता, नाही तर अधिक तीन, आणि मधूनमधून शून्य. देवनागरीतील एकेक चिन्ह साठविण्यास संगणकाला तीन बाइट खर्ची घालावे लागतात, हे ज्याला ठाऊक आहे त्याला या आकड्यांचा अर्थ उमगेल. उणे तीन म्हणजे कोठे तरी एक अनुस्वार पुसला गेला. शून्य म्हणजे ऱ्हस्वाचे दीर्घ झाले, एक वेलांटी जाऊन दुसरी आली आणि हिशेबाला काहीच लागले नाही. वेतन नाही, नाव नाही, आणि तरी उजाडण्यापूर्वी उठून अनुस्वार पुसत बसणारा हा मनुष्य कोण असावा, या कुतूहलाने मी त्याच्या चर्चापानावर दोन ओळी लिहिल्या. सदस्यनाम छापणार नसाल तर साताऱ्यास यावे, असे उत्तर आले.

ते गृहस्थ महसूल खात्यातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले निघाले. माडीवरच्या त्यांच्या खोलीत शिरताच तपकिरीचा उग्र वास आला. आणि तो केवळ डबीतून येत नव्हता, तर कळफलकाच्या फटींतून बसलेल्या तांबूस पुडीतूनही येत होता, हे जवळ बसल्यावर ध्यानात आले. टंकलेखन दोन बोटांनी, पण अचूक. सकाळचा क्रम थोडक्यात सांगता येतो: रात्रीतून झालेले बदल पाहावयाचे, उत्पात असेल तो उलटवावयाचा, नव्या लेखांना त्यांचे वर्ग द्यावयाचे, आणि मग दिवस वर येईतो शुद्धलेखन.

या शुद्धलेखनाचा एक मासला माझ्यासमोर घडला. एका जुन्या ग्रंथकारावरील लेखात त्याच्याच पुस्तकातला एक उतारा दिलेला होता, आणि कोणा उत्साही सदस्याने त्यातील 'केलें', 'होतें', 'त्यांस' अशा सर्व रूपांवरचे अनुस्वार, आजच्या नियमांस धरून, साफ करून टाकले होते. मराठी साहित्य महामंडळाच्या ज्या नियमांना राज्य शासनाने १९६२ साली मान्यता दिली, त्या नियमांनी हे अनुच्चारित अनुस्वार लेखनातून गेले, हे खरे. परंतु १९६२ च्या पूर्वी छापलेल्या ग्रंथातील अवतरणाला तो नियम कसा लागू व्हावा? अव्वल कारकुनांनी चिमूटभर तपकीर ओढली, मूळ ग्रंथाची छायाप्रत शेजारच्या खिडकीत उघडली, आणि एकेक अनुस्वार परत जागेवर बसविण्यास आरंभ केला. आदल्या अर्ध्या तासात ज्यांनी दुसऱ्या लेखातील अनावश्यक अनुस्वार टिपून टिपून पुसले होते, तेच आता तेवढ्याच निष्ठेने ते पेरीत होते. मध्ये 'त्यांस' या रूपापाशी ते थांबले, कारण येथला अनुस्वार उच्चारातलाच आहे आणि नव्या नियमांनीही तो जात नाही. सफाईच्या भरात तोही गेला होता. हे एवढे सारे झाल्यावर त्यांनी बदलाच्या सारांशात चारच शब्द लिहिले: अवतरणातील लेखन मुळाबरहुकूम ठेवावे.

"एवढ्यासाठी सकाळ गेली," मी म्हणालो.

"गेली कुठं? नोंदीला आहे," ते म्हणाले.

नोंदीवर त्यांची श्रद्धा आहे, आणि ती त्यांच्या नोकरीतून आलेली आहे. विकिपीडियाच्या प्रत्येक लेखामागे 'इतिहास' नावाचे एक पान असते; तेथे त्या लेखाची पहिल्यापासूनची प्रत्येक आवृत्ती, ती कोणी व केव्हा केली यासह, शाबूत राहते, आणि वाटेल त्या दोन आवृत्त्या शेजारी ठेवून फरक पाहता येतो. मी हे मोठे अपूर्व मानीत होतो. त्यांना त्यात अपूर्व असे काही वाटत नव्हते. "सात-बारावर एखाद्याचं नाव कमी झालं, तरी आम्ही ते खोडत नव्हतो. कंस करायचा आणि फेरफाराचा नंबर टाकायचा. इथं तेच आहे. फक्त इथं नोंद मंजूर करायला मंडळ अधिकारी नाही." या अखेरच्या वाक्यात त्या साऱ्या व्यवस्थेचे मर्म आहे, असे मला वाटते. येथे बदल आधी होतो आणि तपासणी मागाहून, तीही कोणाच्या मनात आली तर. तपासणारा झोपला असेल तर खोटी नोंद खऱ्यासारखीच दिमाखाने उभी राहते.

आपल्याकडच्या ज्ञानकोशांची परंपरा याच्या नेमकी उलट होती. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे २३ खंड सिद्ध केले ते भांडवलाची विवंचना वाहत आणि वर्गणीदार जोडीत. साताऱ्याहून जवळच असलेल्या वाईस तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या प्रमुख संपादकत्वाखाली मराठी विश्वकोशाचे काम सुरू झाले, त्याचा पहिला खंड १९७६ साली बाहेर आला. तेथे नोंद लिहिणारा तज्ज्ञ असे, ती तपासणारा त्याहून तज्ज्ञ, आणि एकदा खंड बांधून झाला की संपादकाला निदान त्या खंडापुरती तरी सुटका होती. १ मे २००३ रोजी, म्हणजे महाराष्ट्रदिनी, सुरू झालेल्या मराठी विकिपीडियाला अशी सुटका नाही. त्याचा कोणताही लेख कधीच बांधला जात नाही.

आज त्यातील लेखांची संख्या एक लाखाच्या घरात आहे. हा एक लाखाचा आकडा मला पुढे अनेकांच्या तोंडून ऐकावयास मिळाला, व्यासपीठावरून तर हमखास. आणि तो ऐकताना साताऱ्याच्या त्या माडीवर पाहिलेली पाने मला आठवल्यावाचून राहिली नाहीत. अव्वल कारकुनांनी मला एका गावाचे पान उघडून दाखविले. अमुक जिल्ह्यातील तमुक तालुक्यातील एक गाव, हे पहिले वाक्य; २०११ च्या जनगणनेतील कुटुंबे व लोकसंख्या, हे दुसरे; आणि त्याखाली क्रमाने मथळे: भौगोलिक स्थान, हवामान, लोकजीवन, प्रेक्षणीय स्थळे, नागरी सुविधा, जवळपासची गावे. मथळ्यांखाली काही नाही. मग दुसरे गाव उघडले; तेच मथळे. तिसरे, चौथे. एकाच साच्यातून ओतलेली अशी पाने किती, हे मोजण्याच्या भरीस मी पडलो नाही, परंतु एक लाखातील पुष्कळसा भरणा गावांच्या, सनांच्या आणि दोन ओळींच्या चरित्रांच्या असल्या पोकळ पानांचा आहे, हे कोणीही तासभर हिंडून पाहू शकेल. संख्येच्या या हव्यासाने मराठीचे भले झाले असे मी मानीत नाही. उलट, प्रत्येक पोकळ पान हे राखणदाराच्या माथी बसलेले आणखी एक ओझे आहे, कारण रिकाम्या मथळ्याखाली कोण काय आणून टाकील याचा नेम नाही. एकीकडे एक लाख आणि दुसरीकडे उणे तीन, अशी ही विषम जमाखर्चाची वही आहे.

१४ ते २८ जानेवारी या भाषा संवर्धन पंधरवड्यात ठिकठिकाणी विकिलेखनाच्या कार्यशाळा भरतात. अशा एका कार्यशाळेला त्यांनी मला सोबत नेले. महाविद्यालयाच्या संगणककक्षात मुलामुलींची दाटी होती. स्वागत, दीपप्रज्वलन, भाषणे ही यथासांग झाली, आणि नंतर प्रत्येकाने खाते उघडून लेख लिहावा असे ठरले. दुपारपर्यंत पुष्कळ लेख तयार झाले. त्यांतले कित्येक वृत्तपत्रांतून आणि पाठ्यपुस्तकांतून जसेच्या तसे उचललेले होते, आणि प्रताधिकाराचा भंग म्हणून ते काढून टाकावे लागणार हे अव्वल कारकुनांना तेथेच, उभ्या उभ्या, दिसत होते. एका मुलीने मात्र स्वतःच्या गावच्या जत्रेवर स्वतःच्या शब्दांत लिहिले होते. बगाड कोण ओढतो, मान कोणत्या घराण्याचा, पालखी कोणत्या आळीतून जाते, हे सारे त्या लेखात होते. संदर्भ मात्र एकही नव्हता. घटकाभराने कोणा दूरस्थ सदस्याने त्या पानावर 'पानकाढा' हा साचा लावला.

"काका, माझं पान का काढतायत? मी खोटं काय लिहिलंय?"

"खोटं नाही गं बाळ. पण तू सांगतेस म्हणून खरं, असं इथं चालत नाही. कुठं छापलंय का हे?"

"आमच्या आजीला सगळं पाठ आहे."

यावर काकांना उत्तर सुचले नाही, आणि मलाही सुचले नाही. छापील पुराव्याचा आग्रह हा या ज्ञानकोशाचा कणा आहे, आणि तो का असावा हे समजून घेणे कठीण नाही: शिवजन्माचा वाद, १६२७ की १६३०, हा राज्य शासनाने १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख स्वीकारल्यावर दप्तरी तरी मिटला, परंतु संतांच्या जाती, वीरांची कुळे आणि गडांचे संस्थापक यांवरून रात्री-अपरात्री जी उलथापालथ होते, ती पुराव्याच्या आग्रहाखेरीज दुसऱ्या कशाने थोपविता येणार? तथापि ज्या समाजाचे निम्मे ज्ञान कधी छापलेच गेले नाही, त्याच्या भाषेत हाच आग्रह आजीला बाहेर उभे करतो, हेही तितकेच खरे. 'चावडी' नावाच्या ज्या पानावर सदस्य धोरणांची चर्चा करतात, तेथे असले प्रश्न निघतात, चार-सहा जण बोलतात, चर्चा जुन्या दप्तरात जाते. मला राग आला तो नियमाचा नव्हे. त्या साच्याबरोबर दोन समजुतीच्या ओळी लिहिण्याचे सौजन्य कोणाला सुचले नाही, याचा आला. अव्वल कारकुनांनी त्या रात्री मुलीच्या चर्चापानावर सविस्तर लिहिले, जिल्ह्याच्या गॅझेटिअरमध्ये जत्रेचा उल्लेख सापडेल असे सुचविले, पानही तूर्त तिच्या धूळपाटीवर हलवून ठेवले. ती पुन्हा आली नाही.

"चाळीसांत एक राहतो," ते परतताना म्हणाले, आणि गाडी सुटेपर्यंत हा आकडा त्यांनी आणखी दोनदा उच्चारला, "चाळीसांत एक." तो त्यांचा अदमास आहे, त्याला संदर्भ मागितला तर मिळणार नाही. परंतु तो एक कोणता हे कार्यशाळेच्या दिवशी कळत नाही, आणि आयोजकांचे प्रशस्तिपत्रक चाळीसांनाही सारखेच मिळते. किती लेख झाले हे अहवालात लिहिले जाते. त्यांतले किती सहा महिन्यांनी शिल्लक होते, किती दुरुस्त करावे लागले, कोणी केले, याचा रकाना अहवालात नसतो. आणि माझे स्पष्ट मत असे आहे की, तो रकाना येईपर्यंत या कार्यशाळांवरचा खर्च निम्म्याने वाया जाणार.

सामान्यतः असल्या कामाचे वर्णन करताना निःस्वार्थ सेवा वगैरे शब्द वापरण्याची रीत आहे. त्या गृहस्थांना ते शब्द रुचणार नाहीत, आणि माझ्या मते ते लागूही पडत नाहीत. आपल्या हाताखालचे दप्तर स्वच्छ असावे एवढीच त्यांची हौस आहे, आणि ती पुरविताना ते कधी कधी नवशिक्याचा बदल कारण न देता उलटवूनही टाकतात, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. अशी माणसे संपूर्ण मराठी विकिपीडियात नित्यनेमाने काम करणारी मोजकीच आहेत. यंत्राकडून करून घेण्याजोगी कामे 'सांगकाम्या' नावाची संगणकीय आज्ञावली करते; परंतु 'त्यांस' मधला अनुस्वार कोणता ठेवावयाचा आणि 'केलें' मधला कोठे ठेवावयाचा, हे माणसालाच पाहावे लागते.

वाचकांस एवढीच विनंती आहे. आपापल्या गावाचे पान उघडावे. बहुधा ते असेल आणि बहुधा त्यातील मथळे रिकामे असतील. त्यांपैकी एका मथळ्याखाली, गॅझेटिअर, जनगणनेची पुस्तिका, शाळेचे शतसांवत्सरिक स्मरणपुस्तक, जे हाताशी असेल त्याच्या आधाराने एकच वाक्य लिहावे, त्याला संदर्भ जोडावा, आणि पंधरा दिवसांनी पुन्हा तेथे जाऊन ते जागेवर आहे की नाही, हे पाहून यावे.