हिक्! उचकी काही केल्या थांबेना

परवा चौथीच्या वर्गात मी फळ्यावर गुणाकाराचं उदाहरण लिहीत होते. वर्ग अगदी चिडीचूप. आणि एवढ्यात, 'हिक्!'

सगळी मुलं एकमेकांकडे बघायला लागली. कोणाला उचकी लागली? ह्याला? तिला? पण उचकी लागली होती ती चक्क बाईंना, म्हणजे मला!

तुम्हांला उचकी लागते तेव्हा काय होतं? पाच-दहा मिनिटं 'हिक् हिक्' होतं, घोटभर पाणी प्यायलं की थांबतं आणि तुम्ही ते विसरूनही जाता. माझ्या उचकीची तऱ्हा निराळी. महिन्यातून दोन-तीनदा ती येते आणि आली की मुक्कामच ठोकते. कधी दोन तास, कधी सहा तास. एकदा तर संध्याकाळी लागलेली उचकी दुसऱ्या दिवशी सकाळी रोहा स्टेशनवर गाडीची वाट बघतानाही चालूच होती. बाकावर बसलेल्या एक आजी मला म्हणाल्या, "अगं, कोण इतकी आठवण काढतंय तुझी?"

मी डी.एड.ला असताना ती ऐन सरावपाठाच्या दिवशी लागली. पाठ होता 'पाण्याचे उपयोग'. पिणं, आंघोळ, शेती असं मुलं सांगत होती. पहिल्या बाकावरचा एक पठ्ठ्या उठून म्हणाला, "बाई, पाण्याचा उपयोग उचकी थांबवायला होतो!" सगळा वर्ग हसला. मीही हसले. पण घरी गेल्यावर खूप रडले, हे मात्र आज पहिल्यांदाच सांगते आहे.

आठवण कोण काढतंय?

उचकी लागली की आपल्याकडे नावं घ्यायची पद्धत आहे. पेणची मावशी? मुंबईचे काका? सुट्टीत भेटलेली मैत्रीण? ज्या नावाला उचकी थांबेल त्या माणसाने आठवण काढली, असं समजायचं. गंमत छान आहे, पण जरा विचार करा. उचकी कधी ना कधी थांबणारच असते. ती थांबते तेव्हा ज्याचं नाव आपल्या तोंडात असतं, त्याला फुकटचं श्रेय मिळतं! माझ्या सहा तासांच्या उचकीत तर रोहा आणि अष्टमी, कुंडलिकेच्या दोन्ही तीरांवरच्या सगळ्या ओळखीच्यांची नावं घेऊन होतील.

मग खरं कारण काय? आपल्या छातीची पोकळी आणि पोट यांच्यामध्ये एक स्नायूचा पडदा असतो. त्याला श्वासपटल म्हणतात. तो खाली सरकला की छातीत जागा होते आणि हवा आत येते. तो वर गेला की हवा बाहेर पडते. असं दिवसरात्र चालू असतं. मेंदूकडून या पडद्याला निरोप आणणाऱ्या चेता असतात. त्या चेता किंवा मेंदूतलं त्यांचं केंद्र चाळवलं गेलं, की पडदा एकदम झटका देऊन आकसतो. हवा सुसाट आत येऊ लागते. पण लगेच, सेकंदाचा अगदी छोटासा भाग जातो न जातो तोच, गळ्यातलं स्वरयंत्राचं दार फटकन बंद होतं. आत येणारी हवा त्या बंद दारावर आपटते. तोच तो आवाज, 'हिक्!' वाऱ्याने घराचं दार धाडकन आपटतं ना, तसंच.

हे चाळवणं कशामुळे होतं? बहुतेक वेळा आपल्या खाण्यामुळे. थंडीत आपल्याकडे शेतावर पोपटी लावतात. मडकं उपडं केलं की वालाच्या वाफाळत्या शेंगा, बटाटे, अंडी बाहेर पडतात. कोणाला दम निघतो? फुंकर न घालताच तोंडात टाकायचं, भराभर गिळायचं आणि वर हसत-खिदळत गप्पाही मारायच्या. गरम घास, पोटात गेलेली हवा, तुडुंब भरलेलं पोट, यांमुळे श्वासपटल आणि त्याच्या चेता चाळवतात आणि उचकी सुरू. फसफसणारी थंड पेयं, खूप तिखट, खूप हसणं, मनाची घालमेल हीसुद्धा कारणं आहेत. माझा सरावपाठ आठवा!

आणखी एक गंमत सांगू? बाळ आईच्या पोटात असतं ना, तेव्हाही त्याला उचक्या लागतात. सोनोग्राफीत त्या स्पष्ट दिसतात. पण उचकीचा उपयोग काय, यावर शास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही. काही जण म्हणतात, दूध पिताना बाळाच्या पोटात गेलेली हवा बाहेर काढायची ही युक्ती असावी. 2003 साली काही संशोधकांनी वेगळाच विचार मांडला. बेडूकमासा कल्ल्यांनी श्वास घेतो तेव्हा फुप्फुसात पाणी जाऊ नये म्हणून गळ्याचं दार मिटतो. उचकी ही त्या फार जुन्या सवयीची उरलेली खूण असेल, असं त्यांचं म्हणणं. म्हणजे 'हिक्' करताना आपण थोडेसे बेडूक होतो की काय!

अडुसष्ट वर्षांची उचकी

लांबलेली उचकी काही आजची नाही. आपल्या चरकसंहितेत 'हिक्का' आणि श्वास यांवर एक आख्खा अध्याय आहे. त्यात हिक्केचे पाच प्रकार सांगितले आहेत. जेवताना घाईने लागणारी ती 'अन्नजा', किरकोळ ती 'क्षुद्रा' आणि सगळ्यांत भयंकर ती 'महाहिक्का'. साधी उचकी कोणती आणि गंभीर कोणती, हे आपल्या वैद्यांनी इतक्या पूर्वी वेगळं करून ठेवलं होतं.

पण जगातली सर्वांत लांबलेली उचकी कोणाची, माहीत आहे? अमेरिकेतल्या आयोवा राज्यात चार्ल्स ऑस्बॉर्न नावाचा शेतकरी होता. 1922 साली एका मोठ्या डुकराचं वजन करताना त्याला उचकी लागली. ती थांबली 1990 साली! तब्बल 68 वर्षं! सुरुवातीला मिनिटाला 40 वेळा आणि पुढे मिनिटाला 20 वेळा. आता वहीत जरा हिशेब करा पाहू. मिनिटाला 20, तर तासाला 1,200 आणि दिवसाला 28,800. एका वर्षाच्या आणि 68 वर्षांच्या किती, ते तुम्हीच काढा. उत्तर लिहायला जागा जास्त सोडा बरं!

ह्या माणसाने काय केलं असेल? रडत बसला? नाही. त्याने काम केलं, संसार केला, त्याला आठ मुलं झाली. आवाज कमी व्हावा म्हणून उचक्यांच्या मधे श्वास घ्यायची एक पद्धत त्याने शिकून घेतली. उचकी थांबल्यावर वर्षभराने, 1991 साली तो वारला, तेव्हा त्याचं वय नव्वदीच्या पुढे होतं. मला उचकी लागते आणि फार वैताग येतो, तेव्हा मी त्याची आठवण काढते. आता तो नाही, नाहीतर त्याला माझ्यामुळे उचकी लागली असती!

शाळेत न येणारा मुलगा

आता खरी गोष्ट सांगते, जिच्यासाठी हा लेख लिहायला घेतला.

काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गात एक मुलगा होता. त्यालाही माझ्यासारखीच तासन्‌तास उचकी लागायची. मुलांनी त्याचं नाव ठेवलं 'बेडूक'. कविता म्हणायला उभा राहिला की मागून कोणीतरी 'डराव' करायचं. हळूहळू तो गप्प झाला. मग त्याची शाळा बुडू लागली. पाच दिवस आला नाही, तेव्हा मी त्याच्या घरी गेले.

आजी ओटीवर वाल सोलत बसल्या होत्या. म्हणाल्या, "बाई, पोराला कोणाची तरी नजर लागलीय. मीठ-मोहऱ्या उतरवून टाकल्या, पण गुण नाही." मुलगा दाराआड उभा होता. मी त्याला जवळ बोलावलं. पण बोलायला तोंड उघडलं आणि काय झालं असेल, सांगा? हिक्! मलाच उचकी लागली! तो डोळे मोठे करून बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "बाई, तुम्हांला पण?"

"मला पण," मी म्हटलं. "आणि मी रोज शाळेत जाते."

आजींना मी एवढंच सांगितलं, "आजी, दृष्ट काढलीत, तुमची माया दिसली. आता डॉक्टरांनाही दाखवूया." डॉक्टरांनी तपासलं. रात्री पोटभर जेवून लगेच आडवं व्हायची त्याला सवय होती. पोटातलं आम्ल वर अन्ननलिकेत येत होतं. औषध दिलं, थोडं थोडं आणि सावकाश जेवायला सांगितलं, जेवणानंतर दोन तास झोपायचं नाही असं बजावलं. उचकी पूर्ण गेली का? नाही. पण पूर्वीपेक्षा पुष्कळ कमी झाली.

वर्गाचं औषध मात्र मला द्यायचं होतं. मी मुलांना एक जुनी गोष्ट सांगितली. ग्रीस देशात सुमारे 2,400 वर्षांपूर्वी प्लेटो नावाचा तत्त्वज्ञ होऊन गेला. त्याच्या एका पुस्तकात मेजवानीचा प्रसंग आहे. प्रत्येकाने पाळीपाळीने भाषण करायचं. अॅरिस्टोफेनिस या नाटककाराची पाळी आली आणि त्याला उचकी लागली! शेजारी बसलेला वैद्य म्हणाला, "तुझ्याऐवजी मी बोलतो. तोवर तू श्वास रोखून धर. नाही थांबली तर गुळण्या कर. तरीही नाही थांबली, तर नाकाला गुदगुल्या करून शिंक काढ." शिंकेने उचकी थांबली आणि मग त्या नाटककाराने आपलं भाषण केलं.

मी विचारलं, "मुलांनो, त्या वैद्याने सगळ्यांत चांगलं औषध कोणतं दिलं?" कोणी म्हणालं गुळणी, कोणी म्हणालं शिंक. शेवटी एक मुलगी उठून म्हणाली, "बाई, त्याने मित्राची पाळी सांभाळली."

तेव्हापासून आमच्या वर्गात तोच नियम झाला. उचकी लागली की शेजारच्याने पुढे वाचायचं, आणि थांबली की ज्याची पाळी त्याला परत द्यायची. थांबली नाही, तर उचकीसकट वाचायचं आणि बाकीच्यांनी उचकीसकट ऐकायचं. त्या मुलाने पुढे आख्खी कविता उचकीसकट म्हटली. कोणीही 'डराव' केलं नाही.

काय करावं, काय करू नये?

साधी उचकी लागली, तर थोडा वेळ श्वास रोखा. घोट घोट पाणी प्या. चमचाभर साखर तोंडात टाकून सावकाश गिळा. 1971 साली डॉक्टरांनी हा साखरेचा उपाय 20 जणांवर करून पाहिला, त्यांतल्या 19 जणांची उचकी थांबली होती. थोड्या माणसांवरचा प्रयोग आहे, पण आजीचा हा उपाय अगदीच पोकळ नाही!

पण जेवणाऱ्याला किंवा पाणी पिणाऱ्याला 'भ्यॉं' करून दचकवू नका, घास श्वासनलिकेत अडकायची भीती असते. डोळे दाबणं, तोंडाला पिशवी बांधणं असले उद्योग तर मुळीच नकोत. आणि एक वर्षाच्या आतल्या बाळाला उचकीसाठी मध चाटवू नका.

पालकांसाठी चार शब्द

उचकी 48 तासांपेक्षा जास्त चालली, वारंवार तासन्‌तास लागू लागली, तिच्यामुळे मुलाचं जेवण किंवा झोप बिघडली, किंवा सोबत उलट्या, छातीत दुखणं, अशक्तपणा, बोलण्यात अडखळणं असं काही दिसलं, तर डॉक्टरांकडे जायला उशीर करू नका. पोटातल्या आम्लापासून चेतांच्या विकारापर्यंत तिची अनेक कारणं असू शकतात. कानात गेलेला एखादा केस पडद्याला टोचत राहिला, तरीसुद्धा उचकी लागू शकते! लांबलेल्या उचकीवर औषधं आहेत, पण ती डॉक्टरांनीच द्यायची. आणि मुलाला "मुद्दाम करतोस" असं कधीही म्हणू नका. उचकी मुद्दाम थांबवता आली असती, तर ती मी केव्हाच थांबवली असती!

तर दोस्तांनो, तुमच्या वर्गात असा एखादा मित्र, अशी एखादी मैत्रीण आहे का? उचकी लागणारी, अडखळत बोलणारी, सतत शिंकणारी? तिची पाळी सांभाळा. आणि पाळी तिला परत द्यायला विसरू नका.

बरं, लेख संपला. हिक्! बघा, आली पुन्हा. तुमच्यापैकी कोणी आठवण काढलीत का माझी?