आजीला धाप लागते, ती फक्त वयामुळे?



आमच्या वस्तीत एक आजी आहेत, वय ६८. लोकांच्या घरची धुणीभांडी करून त्यांनी मुलं शिकवली. दोन वर्षांपूर्वी नळावरून हंडा आणताना त्यांना धाप लागू लागली. सुनेने मला विचारलं, "ताई, आत्याबाईंना चार पावलं चालवत नाही हो." मी म्हटलं, "वय झालं आता. हंडा उचलू देऊ नका."

मी नर्सिंगचा डिप्लोमा केलेली, वॉर्डात पंधरा वर्षं काढलेली बाई. तरीही हेच बोलले. त्याच महिन्यात आजोबांच्या छातीत कळ आली, तर सगळं घर रिक्षा करून दवाखान्यात धावलं. आजी मात्र सात महिने आधी दोन उशा लावून, मग भिंतीला टेकून बसून झोपत राहिल्या. शेवटी दवाखान्यात नेलं तेव्हा पायावर बोट दाबलं की खड्डा पडत होता, फुप्फुसात पाणी साठलं होतं. आजी वाचल्या. पण ते सात महिने माझ्या मनातून जात नाहीत. म्हणून हे लिहिते आहे.

हृदयाचं काम कसं चालतं?

हृदय म्हणजे मुठीएवढा मांसल पंप. त्यात चार कप्पे असतात. उजवी बाजू शरीरातून आलेलं रक्त फुप्फुसांकडे पाठवते. तिथे प्राणवायू घेऊन ते डाव्या बाजूला येतं आणि डावा खालचा कप्पा ते जोराने सगळ्या अंगात ढकलतो. कप्प्यांच्या दारांवर झडपा असतात, त्या रक्ताला मागे फिरू देत नाहीत. विश्रांतीच्या वेळीही हृदय मिनिटाला साधारण ५ लिटर रक्त फिरवतं. दिवसाचे ठोके होतात जवळपास एक लाख.

प्रत्येक ठोक्यात दोन कामं असतात. आधी हृदय सैल होऊन भरतं, मग आवळून रिकामं होतं. आपण फक्त आवळण्याचा विचार करतो. पण भरलंच नाही, तर पुढे जाणार काय?

वयाने काय बदलतं?

नवीन रबरी पाइप लवचिक असतो, उन्हात पडून जुना झाला की कडक होतो. हृदयातून निघणाऱ्या मोठ्या रक्तवाहिनीचंही तसंच होतं. म्हणून उतारवयात बीपीचा वरचा आकडा वाढतो. कडक पाइपमध्ये रक्त ढकलायला हृदयाला जास्त जोर लावावा लागतो. त्याची भिंत ताठर होते आणि दोन ठोक्यांच्या मध्ये ते पुरेसं सैल होत नाही.

हा बदल बाई आणि पुरुषात सारखा होत नाही. अमेरिकेत सुरुवातीला हृदयरोग नसलेल्या सुमारे ३००० मध्यमवयीन आणि वृद्ध स्त्री-पुरुषांच्या हृदयाचं एमआरआय काढलं आणि साधारण १० वर्षांनी पुन्हा काढलं. २०१५ साली त्याचे निष्कर्ष छापून आले. पुरुषांच्या हृदयाचा स्नायू वाढून जड झाला होता, बायकांचा तसा वाढला नव्हता. रक्त भरण्याची जागा दोघांचीही कमी झाली होती, पण बायकांची जास्त. त्यातच पाळी थांबल्यावर बाईचं बीपी वाढण्याचा धोकाही वाढतो.

"पंपिंग नॉर्मल" म्हणजे सगळं ठीक नव्हे

आजींच्या इको तपासणीत पंपिंग ६० टक्के आलं. घरचे म्हणाले, "रिपोर्ट तर नॉर्मल आहे." इथेच फसगत होते. हे टक्के सांगतात की कप्प्यात भरलेल्या रक्तापैकी किती बाहेर गेलं. कप्प्यात किती भरलं, ते सांगत नाहीत.

हंड्यात १२० पेले पाणी असेल आणि ६० टक्के ओतलं, तर ७२ पेले मिळतात. कळशीत ८० पेलेच असतील, तर तेच ६० टक्के म्हणजे ४८ पेले. टक्के सारखे, पाणी कमी. शिवाय ताठर कप्प्यात रक्त भरायला जास्त दाब लागतो, तो दाब मागे फुप्फुसांवर येतो आणि धाप लागते. हा प्रकार वयस्कर बायकांमध्ये, बीपी, साखर आणि जास्त वजन असलेल्यांमध्ये अधिक दिसतो. इकोच्या कागदावर "डायस्टोलिक डिसफंक्शन" लिहिलेलं असेल, तर डॉक्टरांना सरळ विचारा, "हृदय भरायला त्रास होतो आहे का?"

काय दिसलं की उठायचं?

पूर्वी न लागणारी धाप आता लागते, आडवं झाल्यावर श्वास कोंडतो, रात्री उठून बसावं लागतं, संध्याकाळी घोटे सुजतात, दोन-तीन दिवसांत वजन दोन किलोने वाढतं. यातलं काहीही असेल तर त्या आठवड्यातच डॉक्टर गाठा. बसल्या जागी धाप लागत असेल तर त्याच दिवशी न्या.

हार्ट अटॅकमध्ये बाईच्याही छातीत दुखतं. पण पुष्कळदा त्याबरोबर, किंवा त्याऐवजी, जबडा, पाठ, मान दुखते, मळमळतं, दरदरून घाम येतो. त्याला गॅस समजून सोडा पाजत बसू नका. १०८ ला फोन करा, ती गाडी मोफत आहे.

घरात काय करायचं?

- तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने बीपी आणि साखर तपासावी. सरकारी आरोग्य केंद्रात ही तपासणी मोफत होते, आशाताईंना विचारा. बीपी पुन्हा पुन्हा १४०/९० किंवा वर आलं, तर डॉक्टरांना दाखवा.
- बीपी नॉर्मल आलं म्हणून गोळी बंद करू नका. ते गोळीमुळेच नॉर्मल आलेलं असतं.
- दिवसभराचं मीठ माणशी एक चमचा, म्हणजे ५ ग्रॅमच्या आत. पापड, लोणचं, सुकट, खारा मासा यांतलं मीठही त्यातच धरा.
- मिश्री, तंबाखू, विडी सोडा. मिश्री दातांना लावली तरी तंबाखूचं विष रक्तात जातंच.
- रोज अर्धा तास चाला. धाप लागत असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

आजी आता लघवीची आणि बीपीची गोळी घेतात, मीठ मोजून खातात आणि एका उशीवर झोपतात. परवा भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "पोरी, मला वाटायचं म्हातारपण असंच असतं."

आपल्या घरातली बाई दुखणं सांगत नाही, काम करत राहते. आज रात्री तिला एकच प्रश्न विचारा, "आई, झोपताना किती उशा लागतात?" एकीच्या दोन झाल्या असतील, तर उद्या सकाळी तिला घेऊन दवाखान्यात जा.