जुन्या गाडीचे तांबडे तेल

कला शाखेच्या विद्यार्थ्याने गिअरबॉक्सच्या तेलावर लिहावे, याचे काही वाचकांना नवल वाटेल. पण हा विषय मी हौसेने निवडलेला नाही. माझ्या वडिलांचा डावा पाय अधू असल्याने त्यांना क्लच दाबता येत नाही. म्हणून आम्ही चिखले गावी एक जुनी ऑटोमॅटिक गाडी घेतली. ती तोवर १,४०,००० किलोमीटर धावलेली होती. वाडीतले चिकू पोचविण्यापासून डहाणूच्या दवाखान्यापर्यंत आमचे सारे तिच्यावरच अवलंबून. गाडी दारात येताच दोन परस्परविरुद्ध सल्ले मिळाले. एक मिस्त्री म्हणाले, "गिअरचे तेल आधी बदला." दुसरे म्हणाले, "काका, एवढ्या जुन्या तेलाला हात लावू नका. बदलाल तर गाडी जागेवर बसेल." यांत खरे कोणाचे, हे शोधताना जे समजले ते येथे मांडतो.

साध्या गिअरबॉक्समध्ये तेलाचे काम मुख्यतः वंगणाचे. ऑटोमॅटिकमध्ये तेच तेल चार कामे करते. इंजिनाची शक्ती टॉर्क कन्व्हर्टरमधून पुढे नेते, दाब देऊन आतल्या क्लचच्या चकत्या आवळते, यंत्र थंड ठेवते आणि वंगणही पुरविते. शिवाय त्याने चकत्यांना निसटू द्यायचे नाही आणि झटकाही बसू द्यायचा नाही. ही घर्षणाची तारेवरची कसरत त्यात मिसळलेल्या रसायनांमुळे साधते. १९४० सालच्या ओल्ड्समोबिल गाड्यांतून 'हायड्रामॅटिक' हा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बाजारात आला. पुढे अशा तेलांत स्पर्म देवमाशाचे तेल मिसळले जाई. १९७० साली अमेरिकेने या माशाला नष्टप्राय प्राण्यांच्या यादीत घातल्यावर रसायनज्ञांना पर्याय शोधावे लागले.

उष्णता ही या तेलाची वैरीण. महामार्गावर घोडबंदरच्या कोंडीत गाडी तासभर रखडली की तेल तापते. वर्षानुवर्षे तापून ते विटते, त्यातील रसायने संपतात, चकत्यांची झीज त्यात मिसळते. नवे तेल बहुधा तांबडे असते. ते काळपट होऊन करपल्याचा वास आला, तर काही बिघडले आहे असे समजावे.

मग न बदलण्याचा सल्ला कोठून आला? पुष्कळ लोक गिअर निसटू लागल्यावरच तेलाची आठवण काढतात. तोवर चकत्या झिजलेल्या असतात. नव्या तेलाने त्या भरून येत नाहीत. गाडी बंद पडते आणि आळ तेलावर येतो. दुसरे कारण असे की, यंत्राने जोरात दाब देऊन आतील सारे धुतले, तर साचलेला गाळ सुटून बारीक वाटांत अडकू शकतो. म्हणजे भीती अगदीच निराधार नाही. पण तिचा रोख तेल बदलण्यापेक्षा उशिरावर आणि घाईवर असावयास हवा.

आमची गाडी गिअर नीट घेत होती, म्हणून आम्ही सावकाशीचा मार्ग धरला. खालचा बोल्ट काढला की सगळे तेल येत नाही. बरेचसे कन्व्हर्टरमध्ये राहते. समजा, एका वेळी ४० टक्के निघाले, तर जुने ६० टक्के उरते. दुसऱ्या खेपेनंतर ३६ आणि तिसऱ्या खेपेनंतर सुमारे २२ टक्के. मधे काही शे किलोमीटर गाडी चालवावी. काम करताना तेल भरण्याचा बोल्ट आधी सुटतो का ते पाहावे. नाहीतर गाडी रिकामी होऊन बसायची. निघालेले तेल मोजून तेवढेच भरावे. तळातील चुंबकावर करडा, मऊ लेप असेल तर ती नित्याची झीज. धातूचे तुकडे दिसले तर मात्र थांबावे. आमच्याकडे लेपच होता. शेवटी गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेल्या तापमानाला आणि रीतीने पातळी तपासावी.

आणखी एक सावधगिरी. 'ऑटोमॅटिक' या एकाच नावाखाली निरनिराळी यंत्रे विकली जातात. २०१४ साली सेलेरिओबरोबर भारतात आलेली एएमटी ही मुळात साधी गिअरबॉक्सच आहे. क्लच आणि गिअर हलविण्याचे काम तेवढे यंत्र करते. सीव्हीटीचे तेल आणखी वेगळे. रंग सारखा म्हणून तेल सारखे, असे मानू नये. पुस्तिकेत नाव असेल तेच घालावे.

राहता राहिले जुने तेल. ते चिकूच्या बुंध्याशी किंवा विहिरीजवळ ओतू नये. २०१६ च्या नियमांनुसार वापरलेले तेल घातक कचऱ्यात मोडते. डब्यात बंद करून ते अधिकृतपणे गोळा करणाऱ्याकडेच द्यावे. आणि तेल बदलल्याची तारीख व किलोमीटरचा आकडा वहीत टिपून ठेवावा. जुनी गाडी घेताना आम्हाला मिळाली नव्हती ती हीच माहिती. आमच्यानंतर गाडी घेणाऱ्याला ती वहीत तयार सापडेल.