चावी ज्याच्या त्याच्या खिशात

चाकण एमआयडीसीतला, मोटारींचे पत्र्याचे भाग बनवणारा कारखाना. प्रशिक्षणाची खोली कँटीनच्या वर आहे. खालच्या प्रेसचा दणका खुर्चीच्या पायांतून वर येतोय. विषय लोटो. म्हणजे मशीनमध्ये हात घालण्याआधी वीज तोडायची, स्विचला कुलूप ठोकायचं आणि वर आपल्या नावाचा टॅग अडकवायचा. याच विषयावर कामगारांसाठी मला पुस्तिका लिहायची आहे, म्हणून मी शेवटच्या रांगेत बसलेय.

पहिल्या रांगेत प्रॉडक्शनचे साहेब. सारखा फोन, आणि दर फोनला "हां, पाठवतो, लगेच पाठवतो."

प्रशिक्षण देणाऱ्या मॅडमनी बोलायला तोंड उघडलंय तोच मधून आवाज येतो, "मॅडम, प्रेसवर किती वर्षं काढलीत तुम्ही?" विचारणाऱ्याला सगळे मामा म्हणतात. डाय सेटर आहेत, म्हणजे प्रेसमध्ये साचे बसवतात. डाव्या हाताची करंगळी अर्धीच.

"एकही नाही."

हे उत्तर मामांना अपेक्षित नसावं. ते उठूनच उभे राहतात. "मग ऐका. मोटर बंद करून कुलूप लावलंत, तरी फ्लायव्हील फिरतंच असतं. क्लच लागला की प्रेसची वरची स्लाइड आली खाली. तिथं तुमचं कुलूप काय करणार?"

हशा पिकतो. अशा वेळी "तो मुद्दा पुढे येणारच आहे" म्हणत पुढे सरकणारे प्रशिक्षक मी पुष्कळ पाहिलेत; खोली त्यांच्या हातून तिथेच जाते. या बाई रिमोट टेबलावर ठेवतात.

"अगदी खरं. मग तुम्ही काय करता?"

"चाक थांबेस्तोवर थांबतो. क्लचची हवा सोडतो. मग डायमध्ये ठोकळा."

"कशाचा?"

"लाकडाचा."

"आणि तो तसाच राहिला नि कुणी प्रेस चालू केला तर?" मामा गप्प. मग बाई स्लाइडचं वजन पेलणाऱ्या ठोकळ्याबद्दल सांगतात. त्याला साखळीने प्लग जोडलेला असतो. ठोकळा डायमध्ये ठेवायचा तर प्लग उपसावाच लागतो, आणि प्लग परत बसेपर्यंत प्रेस चालू होत नाही. मामा मान डोलावतात, पण खाली बसत नाहीत. बाई त्यांच्याच हातात लाल कुलूप देतात. सरावासाठी फळीवर बसवलेल्या स्विचशी मामा पुढचं करून दाखवतात: स्विच पाडला, कुलूप लावलं, टॅग अडकवला. मग कुणी न सांगता स्टार्टचं बटण दाबून बघतात. "हे सगळे विसरतात," ते पोरांना म्हणतात. वर्ग आता तेच घेतायत म्हटलं तरी चालेल.

"चावी बायकोकडे ठेवली तर चालतं का?" एक हेल्पर विचारतो.

"नाही. सुपरवायझरकडेही नाही," बाई न हसता सांगतात. "चौघं मशीनवर असतील तर चार कुलपं. ज्याचं त्यानं काढायचं."

माझ्या शेजारचा कंत्राटी पोरगा मघापासून मोबाइलमध्ये डोकं घालून बसलाय. मी वाकून बघते. रील नाही, फळ्याचा फोटो काढून तो मराठीचं हिंदी करून वाचतोय. बाईंच्याही ते ध्यानात येतं. त्या सरळ हिंदीवर येतात आणि पोरगा फोन खिशात टाकतो.

तेवढ्यात साहेब फोन कानाला लावून बाहेर जातात. दार लागतं आणि सगळ्यांना वाचा फुटते. कुलपं मोजकीच आहेत, तीही मेंटेनन्सच्या कपाटात. हात मध्ये आला की प्रेस थांबवणारा लाइट कर्टन एका मशीनवर बायपास केलेला आहे. "पाच मिनिटांच्या कामाला वीस मिनिटं मशीन थांबवली आणि नग कमी पडले, तर बोलणी कोण खाणार?" मामा विचारतात. या खोलीतला सगळ्यात अवघड प्रशिक्षणार्थी कोण, यात मला आता शंका नाही. तो बाहेर जिन्यात बोलतोय. तो समोर असेपर्यंत यातलं अक्षर कुणी काढलं नसतं.

बाई सगळं कागदावर उतरवून घेतात, कुणाचंही नाव न लिहिता.

साहेब परत येतात. "आटपलं का? लाइन थांबलीय."

"पाच मिनिटं. मामा, साहेबांना एकदा करून दाखवा."

मामा पुन्हा सगळं करतात, पहिल्यापेक्षा सावकाश. साहेबांना उभं राहून बघावं लागतं. मग बाई कागद पुढे करतात: प्रत्येक सेटरला स्वतःचं कुलूप, प्लगवाले ठोकळे, लाइट कर्टन आजच चालू. साहेब "बघू" म्हणतात. बाई तारीख विचारतात. साहेब सोमवार सांगतात, आणि लाइट कर्टन चालू होईपर्यंत ते मशीन बंद ठेवायचं, हे बाई त्यांच्याकडून त्याच कागदावर लिहून घेतात.